उभ्या मोटारीचे दार उघडल्याने सायकलस्वार जखमी झाला, तर भरपाई कोणाकडे मागायची?

दोनचाकी (प्रश्न)

नमस्कार. पाच आठवड्यांपूर्वी सकाळी सायकलने कामावर जात असताना, रस्त्याच्या डाव्या कडेला उभ्या केलेल्या मोटारींच्या रांगेशेजारून मी पुढे निघालो होतो. त्यांपैकी एका मोटारीचे चालकाच्या बाजूचे दार अचानक उघडले. दाराची कड माझ्या हँडलच्या डाव्या टोकाला अडली, हँडल गर्रकन फिरले आणि मी उजव्या खांद्यावर आपटून रस्त्याच्या मध्यापर्यंत फेकला गेलो. मागून येणाऱ्या टेम्पोच्या चालकाने वेळीच ब्रेक दाबला, म्हणून आज हे लिहू शकत आहे.

मोटारचालकाने मला रुग्णालयात नेले आणि एक्स-रेचे पैसेही दिले, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. मात्र निघताना त्याने एका कागदावर "प्रकरण आपसात मिटले आहे, माझी काही तक्रार नाही" असे लिहून माझी सही घेतली. त्या वेळी हात झोळीत होता आणि नुसता मुका मार असावा, अशी माझी समजूत होती. नंतर कॉलरबोन मोडल्याचे निष्पन्न झाले, शस्त्रक्रिया करून धातूची पट्टी बसवावी लागली. माझा लाकडी फर्निचर बनवण्याचा व्यवसाय आहे आणि सध्या उजव्या हाताने रंधा उचलणेही शक्य नाही.

चालकाला पुन्हा फोन केला तेव्हा त्याचे उत्तर असे होते: "गाडी उभी होती, इंजिन बंद होते, तुम्हीच येऊन दारावर आदळलात." पोलीस चौकीतही "गाडी चालतच नव्हती, मग हा मोटार अपघात कसा?" असे म्हणून केवळ अदखलपात्र नोंद करून घेतली. माझ्या शंका अशा की, उभ्या गाडीला मोटार वाहन कायदा लागू होतो का, तिच्या विम्यातून भरपाई मिळू शकते का आणि त्या सही केलेल्या कागदामुळे माझा हक्क संपला का?

काळा कोट

मी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे बरीच वर्षे काम करीत आहे. आपल्या तिन्ही शंकांची उत्तरे मी देतो, परंतु कागदपत्रे पाहिल्याशिवाय दिलेल्या मताला मर्यादा असते, हे ध्यानात ठेवावे.

पहिली शंका सर्वांत महत्त्वाची आहे आणि ती बऱ्याच पोलीस अंमलदारांनाही पडते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६५ मध्ये न्यायाधिकरणाच्या अधिकाराची व्याख्या करताना "वाहन चालवल्यामुळे" असा शब्दप्रयोग नसून "मोटार वाहनाच्या वापरातून उद्भवलेला अपघात" असा आहे. चालवणे आणि वापरणे यांत फरक आहे आणि आपले सगळे प्रकरण त्या फरकावर उभे आहे. १९८७ साली सातारा जिल्ह्यात राष्ट्रीय महामार्गावर पेट्रोलचा टँकर आणि ट्रक यांची पहाटे टक्कर झाली, टँकर रस्त्याखाली उलटून पडला आणि काही तासांनी त्यातून गळणाऱ्या पेट्रोलचा स्फोट होऊन जमलेली माणसे होरपळली. स्फोट झाला तेव्हा टँकर हलत नव्हता, म्हणून तो "वापरात" नव्हता, असा युक्तिवाद करण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये तो फेटाळला आणि वाहन थांबलेले असतानाही ते वापरात असू शकते, असे स्पष्ट केले. तासन्‌तास निपचित पडलेल्या टँकरबाबत ही भूमिका घेतली गेली असेल, तर गाडी थांबवून चालक उतरत असतानाचे दार उघडणे हा गाडीचा वापर नव्हे, असे म्हणणे मला तरी टिकण्यासारखे वाटत नाही. गाडीत बसणे आणि गाडीतून उतरणे हा तर वापराचाच भाग आहे.

दुसरी शंका. कलम १४६ नुसार सार्वजनिक ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक मोटार वाहनाला त्रयस्थ पक्षाचा, म्हणजे आपण ज्याला थर्ड पार्टी म्हणतो तो विमा सक्तीचा आहे. आपण तेच त्रयस्थ आहात. त्यामुळे कलम १६६ खालील अर्जात चालक, मालक आणि विमा कंपनी अशा तिघांनाही प्रतिवादी करावे. विमा कंपनीचे नाव चालकाने सांगितले नाही तरी अडत नाही, कारण कलम १६० नुसार नोंदणी प्राधिकाऱ्याने अथवा पोलीस ठाण्याच्या प्रमुखाने भरपाई मागणाऱ्याला मालकाचा आणि विम्याचा तपशील देणे बंधनकारक आहे. अर्ज अपघात जेथे घडला तेथे, आपण राहता किंवा व्यवसाय करता तेथे, किंवा प्रतिवादी राहतो तेथे, यांपैकी कोठेही दाखल करता येतो.

तिसरी शंका त्या कागदाची. तो आपल्याविरुद्ध पुरावा म्हणून पुढे केला जाईल, हे गृहीत धरा. पण मोडलेल्या हाडाचे निदानही झालेले नसताना, वेदनेत असलेल्या माणसाकडून, कोणत्याही मोबदल्याचा हिशेब न मांडता घेतलेली सही म्हणजे भरपाईच्या दाव्याचे विसर्जन नव्हे, असेच मी न्यायाधिकरणापुढे मांडीन. सही कोणत्या परिस्थितीत झाली, हे अर्जातच लिहावे. ते लपवल्यास उलटतपासणीत अडचण होते. चालकाने दिलेले एक्स-रेचे पैसेही उघडपणे नमूद करावेत.

आता पोलिसांविषयी. अविचाराने वाहन चालवण्याचे कलम येथे लावणे कठीण आहे, हे मान्य. परंतु भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ मध्ये वाहन चालवण्याची अटच नाही. निष्काळजीपणाच्या कोणत्याही कृत्याने दुसऱ्याची सुरक्षितता धोक्यात आणणे हा तेथे गुन्हा आहे आणि त्यामुळे गंभीर दुखापत झाल्यास तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे. हाड मोडणे हे कलम ११६ नुसार गंभीर दुखापतीत मोडते. हा गुन्हा दखलपात्र आहे, त्यामुळे अदखलपात्र नोंदीवर समाधान मानण्याचे कारण नाही. ठाण्यात तक्रार घेतली नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) नुसार ती लेखी स्वरूपात, टपालाने, पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते आणि तेथेही दाद मिळाली नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. पाच आठवड्यांच्या विलंबाची धास्ती घेऊ नका. विलंबाचे समाधानकारक कारण दिले असेल, तर केवळ उशिरा गुन्हा नोंदवला म्हणून भरपाईचा दावा संशयास्पद ठरवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने रवी विरुद्ध बद्रीनारायण या २०११ च्या निकालात म्हटले आहे.

एक गोष्ट मात्र आजच दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. २०१९ च्या दुरुस्तीने आणलेल्या आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या कलम १६६(३) नुसार अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करावयाचा आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. तरीही दुसऱ्याच्या खटल्याच्या भरवशावर आपली मुदत कोणी घालवू नये.

तिसरा पक्ष

मी विमा कंपनीच्या दावा विभागात होतो, म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या बाजूला. काळा कोट यांनी कायदा नेमका सांगितला आहे. मी फक्त एवढेच सांगतो की अशा प्रकरणात कंपनीचा माणूस कायद्याच्या पुस्तकाआधी रुग्णालयाचा केसपेपर उघडतो.

केसपेपरवर दुखापतीचा इतिहास लिहिण्यासाठी एक ओळ असते. ती ओळ बहुधा पहिल्या पंधरा मिनिटांत, जखमी व्यक्ती कण्हत असताना, सोबत आलेल्या माणसाला विचारून भरली जाते. आपल्या प्रकरणात सोबत आलेला माणूस म्हणजे स्वतः मोटारचालक. तेथे "सायकलवरून पडल्याने" एवढेच लिहिले असेल आणि मोटारीचा उल्लेखच नसेल, तर कंपनी पहिल्याच उत्तरात अपघातात मोटारीचा सहभाग नाकारील. आपण तो कागद पाहिला आहे का? पाहिला नसल्यास आधी त्याची प्रमाणित प्रत काढा आणि ते प्रकरण मेडिको-लीगल, म्हणजे पोलिसांना कळवावे लागणारे, म्हणून नोंदवले गेले होते का, हेही विचारा.

दुसरे, सायकल दुरुस्त करू नका. दाराची कड जेथे लागली तेथे हँडलच्या टोकावर किंवा ब्रेकच्या दांडीवर मोटारीच्या रंगाचा ओरखडा राहतो आणि तो ओरखडा जमिनीपासून किती उंचीवर आहे, हे मोजता येते. पंचनाम्यात तो आला, तर तोंडी साक्षीला मोठा आधार मिळतो. तिसरे, टेम्पोचालक. त्याचा जबाब आपल्या बाजूचा सर्वांत तटस्थ पुरावा ठरू शकतो. आसपासच्या कॅमेऱ्यांचे चित्रण बहुतेक ठिकाणी थोड्याच दिवसांत आपोआप पुसले जाते, त्यामुळे ती आशा फार धरू नये, पण विचारायला हरकत नाही.

आणखी एका बाबतीत सावध करतो. कलम १६४ नुसार कोणाचीही चूक सिद्ध न करता गंभीर दुखापतीसाठी २.५ लाख रुपये आणि मृत्यूसाठी ५ लाख रुपये अशी ठराविक भरपाई मिळू शकते. ऐकायला हे सोयीचे वाटते. परंतु कलम १४९ च्या कार्यपद्धतीनुसार ही रक्कम एकदा स्वीकारली की न्यायाधिकरणापुढील अर्ज संपुष्टात येतो. विमा कंपनीचा अधिकारी अगदी गोड शब्दांत प्रस्ताव मांडील. मी स्वतः असे अनेक प्रस्ताव मांडले आहेत आणि ते बेकायदा मुळीच नव्हते. फक्त समोरच्याने आपले नुकसान आधी मोजलेले असावे.

स्टेअरिंगमागून

येथे सर्व जण सायकलस्वाराच्या बाजूने बोलत आहेत, म्हणून मोटारचालकाची बाजू मांडतो. मी उतरण्यापूर्वी आरशात पाहतो. तरीही सायकल आवाज करीत नाही, बारीक असते, आणि आरशाच्या टप्प्यात येईपर्यंत ती दाराशी पोहोचलेली असते. पुष्कळ सायकलस्वार उभ्या गाड्यांना हातभरसुद्धा जागा न सोडता, घंटी न वाजवता वेगाने जातात. हेल्मेटही घालत नाहीत. अशा वेळी सगळा दोष दार उघडणाऱ्याचाच, हे न्यायाला धरून आहे का?

काळा कोट

आपला प्रश्न रास्त आहे आणि समोरच्या वकिलाकडून तो नक्की विचारला जाईल. कायद्यात याला सहभागी निष्काळजीपणा म्हणतात. जखमी व्यक्तीचाही काही दोष होता, असे सिद्ध झाले, तर दावा फेटाळला जात नाही. भरपाई त्या दोषाच्या प्रमाणात कमी होते. मात्र तो दोष सिद्ध करण्याची जबाबदारी, तसा आरोप करणाऱ्यावर असते आणि "सायकल वेगात असणार" असा अंदाज म्हणजे सिद्धता नव्हे.

हेल्मेटविषयी एक गैरसमज दूर करतो. कलम १२९ मधील सक्ती मोटारसायकलवर बसणाऱ्यांसाठी आहे, पायडलच्या सायकलसाठी नाही. शिवाय या प्रकरणात इजा कॉलरबोनची आहे. हेल्मेटने डोके वाचते, खांदा वाचत नाही.

अंतराचा मुद्दा अधिक गंभीर आहे. परंतु त्याकडे रस्त्याच्या उजव्या बाजूनेही पाहावे. दारापासून दूर राहायचे म्हणजे मागून येणाऱ्या वाहनांच्या वाटेत अधिक आत शिरायचे, आणि तेथेही हॉर्न वाजवून सायकलस्वाराला पुन्हा कडेला ढकलले जाते. दोन धोक्यांमध्ये निवड करणाऱ्याला नंतर आरामखुर्चीत बसून दोष देणे सोपे असते. उलट, जो दार उघडतो त्याच्याकडे दोन क्षण थांबण्याचा पर्याय नेहमीच असतो, आणि आपण म्हणता तशी सायकल आरशात उशिरा दिसत असेल, तर मान वळवून पाहण्याचे ते आणखी एक कारण ठरते. दाव्यात पुरावा संशयातीत असण्याची गरज नसते, शक्यतांचे पारडे कोणत्या बाजूला झुकते एवढेच पाहिले जाते. चालत्या सायकलच्या वाटेत अचानक दार आले, ही गोष्ट मान्य झाली की ते पारडे सहसा कोठे झुकते, हे आपणही ओळखाल.

उलटा हात

मी काही वर्षे ब्रिटनमध्ये सायकल चालवतो. तेथील तरतूद सांगतो, कारण तुलनेने आपली पोकळी नीट दिसते. तेथे १९८६ च्या मोटार वाहन नियमावलीतील १०५ वा नियम, कोणालाही इजा किंवा धोका होईल अशा रीतीने रस्त्यावरील वाहनाचे दार उघडणे, किंवा ते उघडू देणे, हाच स्वतंत्र गुन्हा मानतो. "उघडू देणे" हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण त्यामुळे प्रवाशाबरोबर चालकालाही जाब विचारता येतो. जानेवारी २०२२ मध्ये तेथील हायवे कोडमध्ये, म्हणजे रस्त्यावरील वागणुकीच्या संहितेत, अशीही सूचना आली की शक्य असेल तेव्हा दारापासून दूर असलेल्या हाताने दार उघडावे. आपल्याकडेही चालक उजवीकडे बसत असल्याने त्याने डाव्या हाताने दाराची कडी ओढायची. करून पाहा, खांदा आपोआप वळतो आणि नजर मागच्या रस्त्यावर जाते. याच संहितेत सायकलस्वारांनाही उभ्या वाहनांपासून दाराच्या रुंदीइतके किंवा एक मीटर अंतर ठेवण्यास सांगितले आहे, म्हणजे स्टेअरिंगमागून यांचे म्हणणेही तेथे विचारात घेतलेले आहे. रस्ता वाहतुकीविषयीच्या १९६८ च्या व्हिएन्ना करारातील २४ व्या अनुच्छेदातही, इतरांना धोका नाही याची खात्री केल्याशिवाय दार उघडण्यास मनाई आहे.

आता माझी शंका. भारतात सुट्टीवर असताना वाहतूक कोंडीत थांबलेल्या टॅक्सीतील प्रवाशाने डावीकडचे दार उघडले आणि माझा भाऊ त्यावर आदळला. सुदैवाने फक्त खरचटले. पण समजा गंभीर इजा झाली असती, तर प्रवासी निघून गेल्यावर भरपाई कोणाकडे मागायची?

काळा कोट

प्रवाशाचा ठावठिकाणा लागत असेल, तर त्यालाही प्रतिवादी करावे, परंतु सगळी भिस्त त्याच्यावर ठेवू नये. गाडी कोठे थांबवायची आणि प्रवाशाला कोठे उतरू द्यायचे, हे चालक ठरवतो. कडेला न घेता रस्त्याच्या मध्येच प्रवासी उतरू देणे हा चालकाचा स्वतंत्र निष्काळजीपणा आहे, अशी मांडणी करता येते, आणि इतरांना धोका होईल अशा स्थितीत वाहन उभे ठेवण्यास कलम १२२ ने मनाई केली आहे, ती या मांडणीला पूरक ठरते. दोघांचा दोष असेल, तर तो संयुक्त निष्काळजीपणा होतो. अशा वेळी जखमी व्यक्ती संपूर्ण भरपाई दोषींपैकी कोणाकडूनही मागू शकते आणि दोषाची वाटणी त्यांनी आपसात करायची असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये खेन्येई प्रकरणात हे स्पष्ट केले आहे.

दोनचाकी

सर्वांचे मनापासून आभार. तिसरा पक्ष यांनी लिहिले तसेच निघाले. काल केसपेपरची प्रत काढली, त्यावर "सायकलवरून घसरून पडला" असे लिहिले आहे. मोटारीचा उल्लेख नाही. सायकल मात्र सुदैवाने तशीच पडून आहे आणि हँडलच्या डाव्या टोकावरील रबरात राखाडी रंगाची चीर स्पष्ट दिसते. टेम्पोचालकाचा क्रमांक माझ्या पुतण्याने त्या दिवशीच घेऊन ठेवला होता, तो जबाब देण्यास तयार आहे. कलम १२५ चा उल्लेख करून लेखी तक्रार अधीक्षकांकडे टपालाने पाठवली, त्यानंतर ठाण्यातून बोलावणे आले आणि गुन्हा नोंदवला गेला.

आता केसपेपरवरील त्या ओळीचे काय करावे? आणि भरपाईची रक्कम कशाच्या आधारे मागावी? अपंगत्वाचे प्रमाणपत्र अद्याप काढलेले नाही.

काळा कोट

त्या ओळीत कोणालाही खाडाखोड करू देऊ नका. तसे केल्यास खरी गोष्टही खोटी दिसू लागते. ती माहिती कोणी दिली, हे पोलिसांच्या जबाबात नमूद करा. आवश्यक वाटल्यास डॉक्टरांना साक्षीसाठी बोलावता येते. नोंद आपण सांगितल्यावरून केली नव्हती, एवढे जरी त्यांच्या तोंडून आले, तरी त्या ओळीचे वजन निम्मे उरत नाही. गुन्हा नोंदवला गेला, याचा दुसरा लाभ असा की २०२२ च्या नियमांनुसार तपास अधिकाऱ्याने अपघाताचा प्राथमिक अहवाल ४८ तासांत आणि तपशीलवार अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला सादर करावयाचा असतो. असा अहवाल अर्ज म्हणून धरण्याची तरतूद कलम १६६(४) मध्ये आहे. तरीही स्वतःचा अर्ज स्वतः दाखल करावा, असाच माझा आग्रह राहील.

रकमेबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालाचा आधार घ्यावा. औषधोपचार, प्रवास, पोषक आहार, उपचारांच्या काळात बुडालेले उत्पन्न, पुढील वैद्यकीय खर्च, वेदना आणि जगण्यातील सुखांना आलेली बाधा हे सर्व त्यात येते. आपल्या दृष्टीने त्यातील कळीचा भाग वेगळाच आहे. डॉक्टरांनी दिलेली अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईची क्षमता किती घटली याची टक्केवारी, या दोन निराळ्या गोष्टी आहेत, असे न्यायालयाने तेथे सांगितले. उदाहरण दिले तेही सुताराचे: डावा हात गमावल्यास चालकाचे किंवा सुताराचे उत्पन्न जवळजवळ पूर्ण बुडू शकते, कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. म्हणून आपल्या प्रमाणपत्रावर टक्केवारी लहान दिसली, तरी रंधा, करवत आणि डोक्यावरून उचलायचे सामान यांसाठी खांदा किती उठतो, हे पुराव्यात आले पाहिजे.

समजा मासिक उत्पन्न ३०,००० रुपये, वय ३४ आणि कमाईच्या क्षमतेतील घट १० टक्के धरली, तर त्या वयाचा गुणक (वार्षिक उत्पन्नाला ज्याने गुणायचे तो, वयानुसार ठरलेला आकडा) १६ असल्याने वार्षिक ३,६०,००० गुणिले १६ आणि त्याचे १० टक्के, म्हणजे ५,७६,००० रुपये केवळ या एका शीर्षकाखाली होतात. २.५ लाखांचा प्रस्ताव आल्यास तो या आकड्याशेजारी ठेवून पाहावा. स्वयंरोजगारात उत्पन्न सिद्ध करणे हाच खरा त्रास असतो, त्यामुळे गिऱ्हाइकांना दिलेली बिले, बँकेचे उतारे, लाकूड खरेदीच्या पावत्या आणि शक्य असल्यास आयकर विवरणपत्रे गोळा करायला लागा.

प्रमाणपत्राची घाई नको. हाड पूर्ण जुळून खांद्याची हालचाल स्थिर झाल्यावरच ते काढावे, नाहीतर टक्केवारी तात्पुरती म्हणून बाजूला ठेवली जाते. अर्ज मात्र त्यासाठी थांबवू नये, प्रमाणपत्र पुराव्याच्या टप्प्यावर दाखल करता येते.

दोनचाकी

समजले. अस्थिरोगतज्ज्ञांची पुढील तपासणी तीन आठवड्यांनी आहे. बिलांची वही आजच शोधायला काढली आहे, त्यातील निम्मी पाने डाव्या हाताने लिहिलेली असल्यासारखी वाचावी लागतात, पण तारखा आणि रकमा ठीक आहेत.

तिसरा पक्ष

वही मूळ स्वरूपातच ठेवा, नवीन वहीत सुबक अक्षरात उतरवून काढू नका. तेलाचे आणि भुश्शाचे डाग असलेली वही खोटी आहे, असे म्हणणे आम्हाला नेहमीच जड जात असे.